डावीकडचं बटण

काउंटरवर बसलेल्या बाईला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं गिऱ्हाइकांना वाटायचं. मला त्यातलं फार थोडं कळायचं, आणि तसं तोंडानं सांगायचा धीर व्हायचा नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी नीट लिहिता-वाचता येतं आणि इंग्रजी आकडे ओळखता येतात. तेवढ्यावर मी शाहूपुरीतल्या एका गाळ्यात सतरा-अठरा वर्षं काढली, आधी एसटीडी बूथवर आणि मग सायबर कॅफेत. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. हे लिहिणं माझ्यापुरतं आहे. तरी कधी कुणाच्या हाती लागलंच, तर त्याला कळावं म्हणून पहिल्यापासून लिहिते.

बूथ दिलीपदादांचा होता. काचेची केबिन, आत फोन, बाहेर माझ्यापुढं लाल आकड्यांचं मीटर. लोक केबिनचं दार घट्ट लावून घ्यायचे आणि मग रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायचे. कुणाच्या पोरीला बघायला कोण येणार, कुणाचा जावई रुसला, सगळं माझ्या कानावर पडायचं. ऐकायचं आणि ऐकलंच नाही असं बसायचं, ही त्या कामातली अर्धी अक्कल. मला मुळातच बोलायची भीती, त्यामुळं ते जमलं. दादा म्हणायचे, "शालनताई, तुमच्या पोटातनं काय बाहेर येत न्हाय, म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

मोबाइल आले आणि बूथवर माश्या बसायला लागल्या. दादांनी केबिन काढली, प्लायवूडचे छातीएवढे आडोसे घातले आणि सहा कॉम्प्युटर मांडले. आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण तेव्हा घरी कॉम्प्युटर असणारी माणसं आमच्या ओळखीत नव्हती. निकाल बघायचा, फॉर्म भरायचा, परदेशातल्या मुलाचं तोंड बघायचं, तर माणूस कॅफेत यायचा आणि तासाच्या हिशेबानं बसायचा. माझं काम म्हणजे वहीत नाव, गाव, मशीनचा नंबर आणि वेळ लिहायची, उठला की पुन्हा वेळ लिहायची. सकाळी मशीन पुसायची. छापलेला कागद काढून द्यायचा.

इंग्रजी येत नसल्यामुळं मी मशीन चित्रासारखं शिकले. त्याला काही विचारायचं असलं की पडद्याच्या मधोमध एक चौकोनी पेटी यायची. पेटीत दोन ओळी लिहिलेल्या आणि खाली शेजारी-शेजारी दोन बटणं. कागद छापताना पेटी आली आणि डावं बटण दाबलं की कागद निघायचा. उजवं दाबलं की काहीच व्हायचं नाही, आणि गिऱ्हाईक ओरडायचं. असं चार-सहा महिने बघून मी माझा नियम बांधला. डाव्यानं काम पुढं जातं, उजव्यानं अडतं. कुणी आडोशाच्या वरून हाक मारली, "मावशी, हे काय आलंय बगा की," तर मी काउंटरवरूनच सांगायची, "डावं दाबा." पेटी जायची. दादांना दर वेळी उठावं लागायचं नाही. एकदा एका कॉलेजच्या मास्तरांनासुद्धा मी डावं दाबायला लावलं होतं. मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला लिहू.

मग लोक बँकेचं खातंही कॉम्प्युटरवर बघायला लागले. दादांनी मला ते असं समजावलं होतं. बँकेच्या पानावर दोन खिडक्या असतात. एकीत आपलं ठरलेलं नाव घालायचं, दुसरीत एक गुप्त शब्द, म्हणजे पासवर्ड. तो टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके उमटतात. दोन्ही बरोबर असलं की दार उघडतं. मशीन तोंड बघत नाही, सही बघत नाही, आणि मोबाइलवर ओटीपी यायची पद्धत तेव्हा नव्हती. ज्याच्याकडं नाव आणि शब्द, तोच त्याच्या लेखी मालक.

हे ज्याला समजलं होतं तोही कसा वागायचा बघा. बिद्रीहून एक पावणं दर शनिवारी यायचे. भारी सावध माणूस. बसायच्या आधी मागं-पुढं बघायचे, खांद्यावरचा टॉवेल काढून दोन्ही हातांवर पांघरायचे आणि टॉवेलाखाली पासवर्ड टाइप करायचे. पण अक्षर सापडायला वेळ लागायचा, म्हणून ते तोंडानं म्हणायचे. "यम... कुटं गेलं यम... हां. ये. यन." साऱ्या कॅफेत ऐकू जायचं. तिसऱ्या शनिवारी तो शब्द मला पाठ झाला. परक्या पुरुषमाणसाला मी काय सांगणार? ते आले की मी रेडिओ मोठा करायची, एवढाच माझा उपाय. शेवटी एका शनिवारी दोन नंबरवर बसलेली नर्सिंगची मुलगी म्हणाली, "काका, यन झालं, आता जे." पावणं टॉवेलासकट उभे राहिले. पुढच्या वेळी आले तेव्हा शब्द नवा होता आणि टॉवेल हातांवर नव्हता, तोंडावर धरला होता.

दुसरे मलकापूरचे भुसार व्यापारी. त्यांना तीन नंबरच लागायचा. तिथं कुणी असलं तर अर्धा-अर्धा तास बाकावर बसायचे, पण दुसरीकडं बसायचे नाहीत. मला वाटायचं, शुभ-अशुभ मानत असतील. एका सकाळी मशीन पुसताना तीन नंबरच्या कडेला बॉलपेननं काहीतरी खरडलेलं दिसलं. मी स्पिरिटनं चकचकीत पुसून काढलं. दुपारी ते आले, बसले, आणि आडोशाच्या वर त्यांचं लाल झालेलं तोंड आलं. "ओ ताई, हितं माझा पासवर्ड लिवलेला कुणी पुसला?" सगळ्या मशीनवरची माणसं हसायला लागली. "हसताय काय? आता मी बँकेत शिरू कसा?" दादा म्हणाले, "शेठ, तुम्हीच एकटं शिरताय असं तुम्हाला कुणी सांगिटलं?" तेव्हा ते खाली बसले.

मीही हसले होते. दुसऱ्यांच्या चुका मला दिसत होत्या.

सरूआक्का मंगळवार पेठेतल्या. पन्नाशी-साठीची बाई, अंगानं भरलेली, गुडघे गेलेले, बोलणं तोफेसारखं. मुलगा दुबईला कामाला. आईच्या खात्यात पैसे पाठवायचा. आक्कांना बँकेच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून त्यानं सुट्टीत येऊन ते खातं कॉम्प्युटरवर बघायची सोय करून दिली आणि बायकोला, नंदाला, शिकवून गेला. नंदा बारावी झालेली, कमी बोलणारी. सासूला ती आत्ती म्हणायची. महिन्यातनं दोनदा दोघी यायच्या. चार नंबर दाराजवळ, तिथं आक्कांना पाय पसरता यायचा, म्हणून तोच त्यांचा. नंदा मशीनवर बसायची आणि आक्का शेजारच्या खुर्चीवरून हुकूम सोडायच्या. "आलं का? किती आलं? मोठ्यानं नको, कानात सांग."

त्या पहिल्यांदा आल्या तो दिवस मला अजून दिसतो. नंदानं नाव घातलं, पासवर्ड घातला, आणि पेटी आली. ती थांबली. आडोशावरून मला म्हणाली, "मावशी, हे कायतरी इचारतंय. वाचून बघू का जरा?"

मी वहीत कुणाचं तरी नाव लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "काय नसतंय त्यात. डावं दाबा."

तिनं दाबलं. पुढच्या वेळेपासून पेटी आलीच नाही, आणि नंदाचं काम पटकन व्हायला लागलं.

पुढं सात-आठ महिन्यांनी एका दुपारी आक्का एकट्याच रिक्षातनं उतरल्या. हातात बँकेचा छापील कागद. काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, "शालन, मागल्या बुधवारी सकाळी नंदा एकटी आलती का हितं? खरं सांग."

"न्हाय, आक्का."

"वही बघून सांग. तोंडचं नको."

मी वही उघडून दाखवली. बुधवारच्या पानावर नंदाचं नाव नव्हतं.

"मग दुसऱ्या कॅफेत गेली असंल," आक्का म्हणाल्या. "खात्यातलं सगळं पैसं गेलं. बुधवारी सकाळी कुणीतरी दुसऱ्या खात्यात वळवलं, बँकवाला म्हणतोय. त्यो शबुद आमा दोघींलाच ठावं. मी तर एबीसीडी वळखत न्हाय. मग ऱ्हायलं कोण?"

"नंदा काय म्हणतेय?"

"काय म्हणणार? न्हाय म्हणतीया आन् रडतीया. कागलला धाडली म्हायेरी. पोरगं सुट्टीला आलं की चार माणसं बसवायची आन् मोकळं व्हायचं. चोरटी सून घरात ठिवून काय करू?"

त्या गेल्यावर मी वहीचं ते पान पुन्हा बघितलं. आक्कांच्या हातातल्या कागदावर मी वेळेचे आकडे बघितले होते, त्या वेळेला आमच्या चार नंबरवर कुणीतरी बसलेलं होतं. नाव अनोळखी. मी दादांना सगळं सांगितलं. ते चार नंबरवर गेले आणि बँकेचं पान उघडलं. पहिल्या खिडकीत त्यांनी सहज आक्कांच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं. खाली आक्कांचं सबंध नाव लोंबलं. त्यावर बाण नेताच दुसऱ्या खिडकीत आपोआप आठ ठिपके उमटले.

दादांनी खुर्ची मागं सारली. मग म्हणाले, "मशीन इचारतंय, हा पासवर्ड ध्यानात ठेवू का? त्याला कुणीतरी व्हय म्हटलंय."

"व्हय म्हणजे कुठलं बटण?"

"डावीकडचं."

मी तिथंच, आक्का पाय पसरायच्या त्या खुर्चीवर बसले.

दादांनी उरलेली पाच मशीन तपासली. आणखी तिघांची नावं निघाली. ती सगळी त्यांनी पुसून टाकली. मग चार नंबरकडं आले. "शालनताई, हे बाहेर गेलं तर उद्या कॅफेत कुत्रं यायचं न्हाय. हे पण पुसतो. इथनं पुढं कुणाचं जायचं न्हाय, झालं."

"आणि नंदा?"

"त्यांच्या घरातलं ते बघतील. आपण तिला चोर म्हटलं न्हाय."

दादा वाईट माणूस नव्हते. कर्ज काढून मशीन आणली होती. पण मी त्यांच्याकडं इतकी वर्षं काम करून पहिल्यांदाच त्यांना काय करायचं ते सांगितलं. म्हणाले, "दादा, चार नंबर पुसू नका. उद्या दुपारपर्यंत तरी." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. त्यांना आला असावा. त्यांनी चार नंबरची वायर काढून खिशात घातली आणि जेवायला गेले.

रात्री आमच्या ह्यांना सांगितलं. ते कागलच्या एमआयडीसीत, ओतकामाच्या कारखान्यात होते. म्हणाले, "नोकरी जाईल." मी म्हटलं, "जाईल." सकाळी माझा डबा त्यांनीच भरला.

गिऱ्हाइकाच्या घरी मी कधी गेले नव्हते. चालताना काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. आक्कांनी दार उघडलं आणि त्यातलं एक वाक्य उरलं नाही. एवढंच म्हणाले, "आक्का, माझ्याबरोबर चला."

"कुटं?"

"कॅफेत. तुमच्या डोळ्यांनी बघा."

"नंदाची वकिली कराय आलीस व्हय?"

"बघा आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

रिक्षात त्या सगळ्या वाटेनं बोलत होत्या. सुनेवर, मुलावर, बँकेवर. कॅफेत पोचलो तेव्हा दादा मालकाच्या खुर्चीवर होते. मी हात पुढं केला. त्यांनी वायर दिली.

चार नंबर चालू झाल्यावर मी आक्कांना नंदाच्या जागेवर बसवलं. बँकेचं पान आणलं आणि एक बटण दाखवलं. "हे तुमच्या नावाचं पहिलं अक्षर. एवढंच दाबा."

आक्कांनी एका बोटानं दाबलं. नाव आलं. मी त्यावर बाण नेला. ठिपके आले.

"हे कुणी लिवलं?"

"मशीननं. त्याच्या ध्यानात आहे. इथं बसून जो हे अक्षर दाबेल, त्याला तुमचं दार उघडं."

"परक्याला बी?"

"कुणालाबी."

"आन् त्येला ध्यानात ठेव म्हणून कुणी सांगिटलं?"

आडोशावरून दोन गिऱ्हाइकं वाकून बघत होती. मला पळून जावंसं वाटत होतं. "मी," म्हणाले. "नंदानं इचारलं होतं मला, वाचून बघू का म्हणून. मी वाचू दिलं न्हाय. डावं दाबा म्हटलं. मला त्यातलं काय वाचता येत नव्हतं, आक्का."

आक्का ठिपक्यांकडं बघत बसल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वाचता येत न्हाय, मग सांगतीस कशाला?"

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"गल्लीतल्या चार बायकांच्या म्होरं चोर म्हटलं मी तिला," त्या म्हणाल्या. "ती नुसतं म्हणत हुती, आत्ती, मी न्हाय. आत्ती, मी न्हाय."

मग दादा उठून आले. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. त्यांनी वही उघडली, बुधवारचं पान काढलं आणि म्हणाले, "आक्का, हे घेऊन पोलिसांत जाऊ. मी येतो तुमच्याबरोबर." गेलेही. वहीतलं नाव खोटं निघालं, पत्ताही खोटा. पैसे परत आले नाहीत आणि माणूस सापडला नाही. दादा माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलले, पण काढलं नाही.

त्यानंतर मी ते इंग्रजी शब्द वहीच्या मागच्या पानावर काढून घेतले आणि गिरवले. व्हय, नको, ध्यानात ठेव, बाहेर पडा. न कळणारी पेटी आली की मी दादांना हाक मारायची, त्यांनी कितीही कपाळाला आठ्या घातल्या तरी. रोज सकाळी मशीन पुसताना त्याच्या ध्यानात राहिलेली नावंही पुसायची. बँकेचं काम करणाऱ्याला सांगायची की नुसती खिडकी मिटवून उठू नका, बाहेर पडा हा शब्द दाबा, नाहीतर दार उघडंच राहतं. लाइट गेली म्हणून तसंच उठून गेला असाल, तर लाइट आल्यावर येऊन बघा. पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले तेव्हा जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, "आता घरचा हाय, आता कसली भीती?" मी विचारायची, त्या मशीनवर घरातलं कोण-कोण बसतं? शेजारचं कोण येतं? दुरुस्तीला कुठं देता? ते मोजायला लागायचे आणि बोटं कमी पडायची. एवढं बोलायला मी शिकले होते.

पण हे नंतरचं. त्या दिवसानंतर आक्का गुडघे धरत एसटीनं कागलला गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी दोघी कॅफेत आल्या. बँकेनं खातं पुन्हा चालू केलं होतं आणि नवा पासवर्ड घालायचा होता. दोन नंबर रिकामा होता. नंदा बसली, आक्का नेहमीसारख्या शेजारी. पान उघडलं. नंदानं हात बटणांवर ठेवले आणि तसेच ठेवून म्हणाली, "आत्ती, तोंड तिकडं करा."

त्या घरात आक्कांना असं कुणी बोललं नसेल. मी वहीतून मान वर केली. दादांनीही केली. आक्कांनी सुनेकडं बघितलं, मग गुडघा दोन्ही हातांनी उचलून फिरवला, खुर्ची फिरवली आणि प्लायवूडकडं तोंड करून बसल्या.

नंदानं माझ्याकडं बघितलं. मीही काउंटरवर पाठ फिरवून उभी राहिले.

बटणांचा आवाज येत होता, थांबून-थांबून. तिनं लांबलचक शब्द घेतला असावा. मधेच आक्कांनी भिंतीकडं बघतच विचारलं, "झालं का गं?"

"न्हाय अजून," नंदा म्हणाली.

"हूं," म्हणाल्या आक्का, आणि तशाच बसून राहिल्या.